सिंकपाशी खाल्लेल्या साली

पाच दिवस पोट साफ झालं नव्हतं. सहाव्या दिवशी सकाळी मुलगा कामावर गेल्यावर मी संडासात गेले, दार लावलं, पंखा लावला आणि बेसिनचा नळ सोडून ठेवला. अमेरिकेत, एडिसन गावातल्या त्या घराच्या भिंती पुठ्ठ्यासारख्या होत्या. बाथरूमला लागूनच सुनेची खोली, आणि ती दिवसभर तिथे पडून असे. माझा काही आवाज तिच्या कानावर जाऊ नये म्हणून मी पाणी वाहू देत असे. खूप वेळाने उठले आणि पाहिलं, तर पांढऱ्या भांड्यात लाल रक्त.

मी दोनदा पाणी ओढलं. कडेला एक थेंब राहिला होता, तो कागदाने पुसला. मग हात धुऊन बाहेर आले आणि सुनेसाठी सफरचंद सोलायला घेतलं.

माझी थोरली बहीण अशाच रक्ताने गेली. तिनेही वर्षभर कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता उशीर झाला.

यातलं बहुतेक सगळं सुनेला माहीत आहे, मुलाला अर्धंच माहीत आहे. बोलायची लाज वाटते, लिहायची तेवढी वाटत नाही. शहाऐंशी साल होतं. त्या जानेवारीत मी अमेरिकेला गेले, ती सुनेची काळजी घ्यायला. तिला पाचवा महिना लागला होता. आधीची दोन मुलं चौथ्या महिन्यातच गेली होती. या खेपेला डॉक्टरीणबाईंनी तिला उठूच नको म्हणून सांगितलं होतं. बँकेतली नोकरी तिने तात्पुरती सोडली होती. जेवायला आणि बाथरूमला उठायचं, बाकी पडून राहायचं. मुलगा सकाळी सातला गाडी घेऊन जाई तो संध्याकाळी सहाला येई. मधला सगळा दिवस आम्ही दोघी. ती आतल्या खोलीत, मी स्वयंपाकघरात.

ती पुण्याची, शिकलेली, मोकळी. मी चौथीपर्यंत शिकलेली, आणि मुळातच कमी बोलणारी. तिच्याशी काय बोलावं हे मला सुचत नसे. विचारायची ते खाण्याचंच. "अगं, दूध देऊ?" "अगं, भात मऊ करू?" ती म्हणे, "आई, तुम्ही जरा बसा ना." मी बसायची आणि मग दोघी खिडकीबाहेरचा बर्फ बघत राहायचो.

आता नवसाचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

माझे वडील पेरूच्या बागेत राखणदार होते. चौथीनंतर मला शाळेतून काढलं ते पोपट हाकायला. दिवसभर मचाणावर बसायचं, गोफण फिरवायची. झाडावरच्या पेरूला हात लावायचा नाही, तो मालकाचा. पण पोपटाने टोचलेला पेरू बाजारात चालत नसे, म्हणून तो आमचा. मालक म्हणायचा, "टोचलेलं काही फळ नव्हे, ते पोरांना खाऊ दे." मी पोपटांचं उष्टं खाऊन वाढले. सकाळी दोन, दुपारी तीन, सालीसकट, बियांसकट. फळाइतकं मला आयुष्यात दुसरं काही आवडलं नाही. दागिना नाही, लुगडं नाही.

दुसरं मूल गेल्याचं पत्र आलं त्या दिवशी मी गावच्या देवीपुढे उभी राहिले आणि म्हणाले, सुनेचं मूल माझ्या मांडीवर येईपर्यंत मी फळाला शिवणार नाही. आवडतं तेच द्यायचं असतं. आणि नवस बोलून दाखवला की त्यातली ताकद जाते, म्हणून कुणाला सांगितलं नाही. गावात त्याने काही बिघडलं नाही. ज्वारीची भाकरी होती, पालेभाजी होती, विहिरीवर जाणं-येणं होतं. पोटाची तक्रार कशी ती मला माहीत नव्हती.

अमेरिकेत ते सगळं सुटलं. तिथलं पीठ मैद्यासारखं पांढरं, पाव त्याहून पांढरा. सकाळी पाव, दुपारी भात, रात्री त्या पांढऱ्या पिठाच्या पोळ्या. बाहेर बर्फ, म्हणून चालणं नाही. संडासाला जायला नको म्हणून मी पाणीही घोटभरच प्यायची. त्या उंच भांड्यावर बसून मला काही होत नसे, आणि पलीकडे सून जागी आहे हे डोक्यातून जात नसे.

फळं मात्र घरात भरपूर होती. मुलगा शनिवारी कागदी पिशव्या भरून आणायचा. सफरचंदं, नासपती, संत्री, केळी. डॉक्टरीणबाईंनी सुनेला बजावलं होतं, फळं खा. त्यांनी चित्रांचा एक कागदही दिला होता. सुनेने तो मला पलंगावरून वाचून दाखवला.

"आई, ऐका. फायबर पाहिजे म्हणे. फायबर म्हणजे चोथा."

"चोथा? तो तर आम्ही म्हशीला घालतो."

"मग मला म्हैसच समजा. झालेय पण तशीच." ती हसली. "आणि हे बघा, सगळ्यात जास्त चोथा सालीत असतो. सफरचंद सालीसकट खा, नासपती सालीसकट खा. ज्यूस पिऊ नका, त्यात चोथा राहत नाही."

"मग सोलू नको?"

"नको हो, सोलाच. साल माझ्या तोंडात नुसती फिरत राहते. मळमळतं."

मलाही सोलणंच बरोबर वाटलं. आमच्याकडे पाहुण्याला आणि गरोदर बाईला फळ सोलूनच देतात. सालीसकट दिलं तर माणसाची किंमत केली नाही असं होतं. तेव्हा मी रोज दोन सफरचंदं आणि एक नासपती सोलायची, पातळ फोडी करायची आणि बशी तिच्या उशाशी ठेवायची. साली सिंकमध्ये टाकायच्या. त्या सिंकच्या तळाशी एक चक्की होती. बटण दाबलं की घरघर करत सगळं दळून टाकायची.

तर रक्त दिसलं त्या सकाळी मी सोललेल्या साली हातात घेऊन सिंकपाशी उभी होते. कागदावरचं ते चित्र मला आठवत होतं. मला हवं ते माझ्या मुठीत होतं आणि मी ते चक्कीत टाकणार होते.

कुणाला सांगावं? मुलाला? आईने मुलाला असलं सांगायचं? सांगितलं तर तो डॉक्टरकडे नेणार, तिथे माझं इंग्रजी तोच करणार, म्हणजे माझ्या त्या जागेचं सगळं त्याच्या तोंडून. आणि काही निघालं तर मला दवाखान्यात ठेवतील, सुनेकडे बघायला कुणी उरणार नाही. तिला उठावं लागेल, आणि हेही मूल जाईल. सुनेला सांगितलं तर ती घाबरेल. नासपतीचा वास नाकात जात होता. दीड वर्ष मी फळ तोंडात घातलं नव्हतं.

तेव्हा मला बागेचा मालक आठवला. टोचलेलं काही फळ नव्हे. मग साल तरी फळ कसं? फळ मी तिला दिलं. उरलं ते चक्कीचं. चक्कीचं मी खाल्लं तर त्यात फळाला शिवणं कुठे आलं? असं मी देवीला मनातल्या मनात समजावलं. ती काही बोलली नाही. मी नळ सोडला, चक्कीचं बटण दाबलं आणि त्या घरघरीत उभ्या उभ्या सगळ्या साली खाल्ल्या.

रोज तसंच करू लागले. चक्की रिकामी फिरवायची आणि साली खायच्या. वर दोन पेले पाणी प्यायची. चौथ्या दिवशी पोट साफ झालं. थोडं दुखलं, रक्तही थोडंच दिसलं. मी बाहेर येऊन खुर्चीवर बसले आणि पदराने डोळे पुसले. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

त्याच दुपारी सुनेने हाक मारली. "आई!"

नुसती हाक नव्हती ती. मी धावले. ती बाथरूमच्या दाराला धरून उभी होती, चेहरा पांढरा, एक हात पोटाखाली.

"रक्त," ती म्हणाली. "आई, रक्त आलंय. पोटात कळा येतायत."

मी तिला धरून पलंगावर निजवलं. तिला सातवा लागून आठच दिवस झाले होते. तिचे हात थंड पडले होते आणि माझेही. मला दुसरं काही दिसतच नव्हतं, फक्त त्या साली. सकाळीच खाल्लेल्या.

"फोन करा," ती म्हणाली. "त्यांच्या ऑफिसला. मी उठत नाही, उठायचं नाही मला."

फोन स्वयंपाकघराच्या भिंतीवर होता. त्याची गुंडाळीची वायर मी ओढली, ताणली, पण ती खोलीच्या दारापर्यंतही पोचेना. म्हणजे मलाच बोलावं लागणार होतं. त्या घरात मी तोवर फोनला हात लावला नव्हता. वाजला तर वाजू द्यायची. नंबर फ्रिजवर मोठ्या आकड्यांत लिहिलेला होता. आकडे मला येतात. एक एक बघून दाबले. पलीकडे एक बाई भराभरा इंग्रजीत बोलली.

मी मुलाचं नाव घेतलं. ती पुन्हा काहीतरी म्हणाली.

"काय म्हणतेय?" सून आतून ओरडली.

"कळत नाही गं!"

"म्हणा, इमर्जन्सी! वाइफ, इमर्जन्सी!"

"वाइफ," मी म्हणाले. "इमर्जन्सी. ब्लड. मी मदर." मग पुन्हा मुलाचं नाव घेतलं, आणि पुन्हा. माझा आवाज इतका मोठा निघेल असं मला वाटलं नव्हतं. आयुष्यात कधी मी तशी ओरडले नव्हते, पोपटांवर सोडून. पलीकडची बाई "ओके, ओके" म्हणाली, आणि थोड्या वेळाने मुलाचा आवाज आला. "आई? आई, काय झालं?"

वीस मिनिटांत तो आला. गाडीत सून मागच्या सीटवर आडवी, तिचे पाय माझ्या मांडीवर. ती दर थोड्या वेळाने पोट आवळून डोळे मिटत होती. मी मनात देवीला म्हणत होते, मी खाल्ल्या त्या साली परत घे, मला काय करायचं ते कर, माझी बहीण नेलीस तशी मला ने, पण हिचं राहू दे.

दवाखान्यात तिला चाकाच्या खुर्चीवरून आत नेलं. आम्ही बाहेर बसलो. मुलाने कागद भरले. एक कागद चुकला म्हणून त्याने तो पुन्हा मागून घेतला.

"माझ्यामुळे झालं हे," मी म्हणाले.

"आई, प्लीज. आत्ता नको."

"अरे, मी खरंच सांगते..."

"आई, तू काय केलंस? दिवसभर तिच्यासाठी राबतेस. उगाच काहीतरी बोलू नकोस." तो उठला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला. सांगायचं ते राहूनच गेलं.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग एक नर्स आली आणि मला बोट करून बोलावू लागली. मुलगा उठला तर त्याला थांबायला सांगितलं. मुलाने मला सांगितलं, "ती तुला बोलावतेय. फक्त तुला."

आयुष्यातला सगळ्यात लांब रस्ता मी त्या दिवशी चालले. मुलाला न बोलावता मला का बोलावलं? वाईट बातमी बाईला आधी सांगतात. पडद्याआड सून पडली होती. पोटाला पट्टा बांधलेला, शेजारी एक यंत्र, आणि त्यातून आवाज येत होता. टपटप, टपटप, भरधाव.

"हे काय आहे?"

"बाळ," ती म्हणाली. "बाळाचं हार्ट आहे, आई. ठीक आहे ते."

मी पलंगाची कड धरली. पिकल्या केसांच्या डॉक्टरीणबाई शेजारी उभ्या होत्या आणि चक्क हसत होत्या. सूनही हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. चेहरा लालभडक.

"रक्त बाळाचं नव्हतं," ती हळू आवाजात म्हणाली. "ह्यांना मी बाहेर ठेवायला सांगितलं, मला लाज वाटते. आई, रक्त... मागचं होतं."

"मागचं म्हणजे?"

"अहो, संडासच्या जागेचं! लोहाच्या गोळ्यांनी घट्ट झालं होतं सगळं. जोर केला मी. करू नये म्हणून बजावलं होतं, तरी केला. त्यानेच पोट आवळलं. डॉक्टर म्हणतात, हे पुन्हा होऊ द्यायचं नाही. खरोखरच्या कळा सुरू होऊ शकतात."

"किती दिवस झाली नव्हती?"

"चार."

"मला सहा झाले होते," मी म्हणाले.

तोंडातून गेलं. मला परत घेता आलं नाही.

"आणि तुम्ही सांगितलं नाहीत?"

"तू तरी कुठे सांगितलंस?"

"तुम्ही सतत स्वयंपाकघरात! बाथरूमला गेलं की मला वाटायचं, बाहेर सगळं ऐकू येतंय तुम्हाला."

"मला वाटायचं, तुला ऐकू येतंय."

"मला येतंच ऐकू," ती म्हणाली. "दिवसभर दुसरं काम काय आहे मला? तुम्ही नळ सोडून बसता ते कळतं. आणि चक्की रिकामी फिरवता तेही कळतं, आई. आत काही असलं की तिचा आवाज वेगळा येतो. मला आधी वाटलं, तुम्ही लपून काही गोड खाताय."

"साली खात होते," मी म्हणाले. "तुझ्या सफरचंदांच्या."

हे म्हणता म्हणताच माझ्या लक्षात आलं. तिला हवा होता तो चोथा मी रोज सोलून काढून घेत होते, आणि स्वतः खात होते. तिला मिळत होता नुसता मऊ गर. सोललेलं द्यावं हा माझा मान, आणि त्या मानाने तिला इथवर आणलं.

तिला हसू फुटलं. यंत्रातला आवाज जरा हलला, तशी डॉक्टरीणबाईंनी तिला शांत पडायला सांगितलं. मग त्या काय म्हणून विचारू लागल्या आणि सुनेने सांगून टाकलं. मी "नको, नको" म्हणत होते. डॉक्टरीणबाईंनी एक खुर्ची ओढली, मला बसवलं आणि सुनेकडून एकेक विचारून घेतलं. किती दिवस, दुखतं का, वजन उतरलं का. शेवटी विचारलं, घरात कुणाला असं काही होतं का? मी बहिणीचं सांगितलं. तेव्हा सुनेचं हसणं गेलं.

"आई," ती म्हणाली, "हे एवढं घेऊन तुम्ही माझ्यासाठी सफरचंद सोलत होतात?"

दोन दिवसांनी तिला घरी सोडलं. पुढच्या आठवड्यात माझी तपासणी ठरली. सुनेला येता येईना, आणि मुलासमोर मी बोलेना. तिने पडल्या पडल्या एका कागदावर डाव्या बाजूला इंग्रजीत आणि उजव्या बाजूला मराठीत प्रश्न लिहून दिले. मला फक्त हो किंवा नाही अशी खूण करायची होती. मुलगा बाहेर मासिक वाचत बसला. आत एक दुसरी डॉक्टरीणबाई आणि मी, आणि मध्ये तो कागद. तपासणीच्या वेळी मी भिंतीकडे तोंड करून डोळे गच्च मिटले होते. निकाल यायला पाच दिवस लागले. त्या पाच दिवसांत बहीण रोज स्वप्नात आली. मग फोन आला. मूळव्याध आणि एक चीर, बाकी काही नाही. पाणी प्या, चाला, फळं सालीसकट खा. त्यांनीही तोच चित्रांचा कागद दिला होता.

मला वाटलं, संपलं. पण खरी ओढाताण पुढेच होती.

सुनेने ठरवलं, आता दोन बशा करायच्या. एक तिची, एक माझी. न सोलता. तिने सालीसकट खायला सुरुवात केली. नाक मुरडायची, पण चावून चावून गिळायची. मी माझी बशी घेऊन स्वयंपाकघरात जायची. "मी नंतर खाते." तिच्या फोडी तिला सालीसकट गेल्यामुळे आता साली उरतच नव्हत्या. माझ्या बशीतलं मी चक्कीत टाकायची. फोडी टाकताना हात जड व्हायचा.

तिसऱ्या दिवशी ती आतून म्हणाली, "आज चक्की भरलेली वाजली, आई."

मी दारात जाऊन उभी राहिले.

"इथे बसा. माझ्यासमोर खा."

"मला नको."

"का नको? डॉक्टरांनी सांगितलंय. तुम्हाला आवडत नाही का?"

आवडत नाही का, असं तिने विचारल्यावर मला राहवलं नाही. मी नवस सांगितला. सांगताना वाटत होतं, संपली त्याची ताकद. तिने डोळे छताकडे लावले. मला वाटलं, माझ्या त्यागाने तिला गहिवर आला असेल. तसं नव्हतं. ती चिडली होती.

"माझ्या बाळासाठी?"

"हो."

"मला न विचारता? उद्या तुम्हाला काही झालं तर ते माझ्या बाळाच्या डोक्यावर. तुमची सून म्हणून मी हे आयुष्यभर वागवायचं?" तिने स्वतःची बशी हाताने दूर सारली. "ठीक आहे. तुम्ही नाही खाणार, तर मीही नाही."

"अगं, वेडी आहेस का? गोळ्या चालू आहेत तुझ्या."

"आहेत ना. मग?"

त्या दिवशी तिने फळाला हात लावला नाही. संध्याकाळपर्यंत दोन्ही बशांतल्या फोडी तांबड्या पडल्या. मुलगा आला, त्याने बशांकडे बघितलं. "काय चाललंय तुमचं?" आम्ही दोघी एकदम म्हणालो, "काही नाही." दुसऱ्या दिवशीही तसंच. मी दोन बशा नेऊन ठेवल्या, तिने तोंड फिरवलं. दुपारी ती बाथरूमला गेली आणि खूप वेळ बाहेर आली नाही. मी भिंतीला कान लावून उभी होते. आता मला लाज वाटत नव्हती. आतून तिचा अडकलेला श्वास ऐकू आला आणि डॉक्टरीणबाईंचं बोलणं आठवलं, हे पुन्हा होऊ द्यायचं नाही.

ती येऊन पडली. काहीच झालं नव्हतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. मी तिच्या पलंगाच्या कडेला बसले. न खाल्लं तर काय होणार ते मला दिसत होतं. खाल्लं तर काय होईल ते दिसत नव्हतं. देवी दूर होती, आणि ही समोर घामेजून पडली होती. मी बशीतली नासपतीची एक फोड उचलली. तिने मान वळवली आणि माझ्याकडे बघत राहिली.

मी ती खाल्ली. साल दाताखाली करकरली. दीड वर्षाने गोड लागलं, आणि त्याच घासाला देवी आठवली.

"आता तू," मी म्हणाले.

तिनेही उचलली.

त्यानंतर सात आठवडे आम्ही रोज समोरासमोर बसून फळं खाल्ली. बाहेरून बघणाऱ्याला ते छान दिसलं असतं. मी मात्र प्रत्येक घासाला तिच्या पोटाकडे बघायची. बाळाचं हलणं मोजायला तिला सांगितलं होतं. ती एका वहीत रेघा मारायची, आणि मी ती झोपली की वही उघडून रेघा मोजायची. एके दिवशी चारच रेघा होत्या. मी तिला हलवून उठवलं. ती म्हणाली, "अहो, पेन सापडत नव्हतं." स्वयंपाकघरात जाऊन मी देवीची दहादा माफी मागितली. तिला मी हे कधी सांगितलं नाही. ती म्हणाली असती, परत तेच सुरू केलंत.

मे महिन्यात मुलगी झाली. पूर्ण दिवसांची, रडकी, काळ्याभोर केसांची. नर्सने ती माझ्या मांडीवर दिली तेव्हा मी आधी तिची बोटं मोजली. सून पलंगावरून म्हणाली, "आहेत ना सगळी? देवीने एखादं कापून घेतलं नाही ना?" मी तिला गप्प बस म्हणाले. पण मी खरोखर तेच बघत होते.

पुढच्या हिवाळ्यात गावी परत आले. दुसऱ्याच दिवशी बाजारातून पाच पेरू घेतले आणि देवळात गेले. नवस मोडला की फिटला, हे मला ठरवता आलं नव्हतं, अजूनही येत नाही. देवीसमोर उभी राहून जे झालं ते सगळं सांगितलं. साली, चक्की, नासपतीची फोड. मनातच सांगितलं, पण काही लपवलं नाही. पेरू पायाशी ठेवताना लक्षात आलं की देवाला कुणी फळ सोलून ठेवत नाही.

पुजाऱ्याने त्यातला एक प्रसाद म्हणून हातावर ठेवला. तो मी देवळाच्या पायरीवर बसून खाल्ला. सालीसकट, बियांसकट.